पुनवेच्या दुपारची नदी

११ जानेवारी, रविवार

कोठावदे येऊन गेला. या महिन्यातली तिसरी खेप. वाचनालयाचा चिटणीस झाल्यापासून दुसऱ्याला स्वस्थ बसलेलं त्याला बघवत नाही. दोन वेळा चहा झाला, खाकरे संपवले, आणि मग मुद्द्यावर आला. ह्यांना जाऊन सहा वर्षं झाली, आता ह्यांच्या नावाने नदीकाठाने 'कवीची वाट' काढायची आहे. १ फेब्रुवारी, रविवार, माघी पौर्णिमा. कवी ज्या वाटेने रोज चालला त्या वाटेने चाळीस साहित्यप्रेमी चालणार. झाडाखाली थांबून कविता वाचणार, नदी ओलांडून पलीकडच्या रानात भाकरी खाणार.

कवी रोज चालला. मी डबा आत ठेवायला म्हणून उठले, नाहीतर हसू दिसलं असतं.

हे त्या वाटेने एकदाही चालले नाहीत. चिखलाची शिसारी होती ह्यांना. सकाळी आठला बोईसरच्या कारखान्यात स्टोअर्सच्या खिडकीत बसायचे, साडेपाचला घरी. चालले ते मी. चोवीस वर्षं. एसटीतून उतरून रानातनं नदीपर्यंत, उतारावरून, म्हणजे नदी उथळ होते तिथून, साडी वर धरून पाण्यातनं पलीकडे, पाड्यावरच्या शाळेत. संध्याकाळी मी चहा टाकला की हे विचारायचे, आज काय दिसलं? मी सांगायचे. हे वहीत लिहायचे. त्याचं पुस्तक झालं, त्यातली एक कविता चौथीच्या पुस्तकात आली, हे कवी झाले आणि मी कवीची बायको. मला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. उलट मिरवलं. भरपूर मिरवलं.

को.ला काय सांगितलं? "छान कल्पना आहे."

१४ जानेवारी

संक्रांत. सोसायटीतल्या बायका तिळगूळ घेऊन आल्या. एकीने आपल्या सुनेला ओळख करून दिली, "या कवींच्या मिसेस." सुनेने वाकून नमस्कार केला. पस्तीस वर्षं शाळेत घालवली, दोन पिढ्यांना अक्षर लावलं, त्याबद्दल कोणी वाकलेलं आठवत नाही.

निखिलचा पुण्याहून फोन. फार खूश आहे. "आई, बाबांचं काहीतरी कायमचं उभं राहतंय." को.ने त्याच्याशी परस्पर बोलून ठेवलंय. टी-शर्टवर बाबांची ओळ छापणार म्हणे. कुठली? तीच.

२० जानेवारी

कपाटातली जुनी वही काढली. काढायला नको होती.

ती ओळ. 'पुनवेच्या दुपारी निघे नदी सागरा.' ह्यांची सगळ्यात गाजलेली, चौथीच्या पुस्तकातली. शाळाशाळांतून म्हटली गेलेली. आणि ती साफ चूक आहे.

मी ह्यांना सांगितलं होतं ते असं: आज पौर्णिमा होती, उधाणाची भरती, दुपारी शाळा सुटली तेव्हा नदी उलटी वर चढत होती. उतार बुडालेला. सगळ्या काड्या, पानं, एक तुटकी टोपली डोंगराकडे चाललेली. तीन तास बसून राहिले काठावर. वहीत ह्यांनी पहिल्यांदा तसंच लिहिलंय, 'नदी चढे माघारी'. मग ते खोडलंय आणि वर 'निघे नदी सागरा'.

तेव्हा भांडले होते मी. माझं माहेर दांडीचं, समुद्र दारात. आमचे बाबा तिथी ऐकली की भरतीची वेळ सांगायचे, तिथीची पाऊणपट करायची की झालं. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. नदीत आत यायला आणखी तास. पुनवेच्या दुपारी आमच्याकडची कुठलीही नदी समुद्राकडे जात नाही, हे शेंबडं पोरही सांगेल. हे म्हणाले, "कवितेत नदी सागराकडेच जाते. माघारी जाणारी नदी कोणाला आवडेल?"

मी गप्प बसले. गप्प बसायची सवय तिथूनच लागली असेल. आणि पुढे तीच कविता मी वर्गात शिकवली, पाड्यावरच्या पोरांना, ज्यांचे आईबाप त्या उतारावरून रोज जातात. शिकवताना आवाज चढवून शिकवली.

२५ जानेवारी, रविवार

वाट बघायला गेलो. को., वाचनालयाचे दोघं, मी. रिक्षा रानाच्या तोंडाशी सोडली.

रान. त्याला अजून रानच म्हणायचं. पहिल्या शंभर पावलांत दारूच्या बाटल्या, थर्माकोलच्या ताटल्या, कोंबडीची हाडं, लहान मुलाचं डायपर. पळसाला कळ्या आल्यात, त्याच्या बुंध्याशी कोणीतरी आख्खा कमोड टाकलाय. को. म्हणाला, "त्या दिवशी जरा झाडून घेऊ." मग नदीचा वास आला. पूर्वी वासावरूनच कळायचं नदी जवळ आली, चिखलाचा, तिवरांचा खारट वास. आता सडलेल्या अंड्यांचा. काठाला तांबूस फेस. मागच्या कारखान्यांतून येतं असं सगळे म्हणतात आणि नाक धरून पुढे जातात. मीही धरलं.

उतारावर झाड आहे करंजाचं. मी ह्यांना करंजच सांगितलं होतं. कवितेत कदंब झालं, करंज कानाला बरं लागत नाही म्हणून. को.ने करंजाला चार इंची खिळे मारून पाटी ठोकलीय, 'कवीचा कदंब'. झाडाच्या सालीतून चीक ओघळत होता. शेजारी दगडी चौथऱ्यावर काळा ग्रॅनाइट, त्यावर सोनेरी अक्षरांत तीच ओळ. नेमकी पाण्यात पाय टाकायच्या जागी.

बारा वाजत होते, पाणी घोट्याला. सप्तमी ना. पाऊणपट सव्वापाच, म्हणजे भरती पहाटेच होऊन गेलेली. को. पँट दुमडून पलीकडे जाऊन आला, फोटो काढले. "काकू, काही प्रॉब्लेमच नाही. पुढच्या रविवारी याच वेळेला परत फिरायचं."

सांगितलं मी. लिहून ठेवते, मी सांगितलं. "पौर्णिमेला दुपारी इथे पाणी भरतं."

तो त्या ग्रॅनाइटकडे बघून हसला. को. नाशिककडचा, समुद्र म्हणजे त्याला शनिवारची सहल. "काकू, काकांनीच लिहून ठेवलंय, पुनवेच्या दुपारी नदी निघालेली असते. रोज येणारा माणूस. तुम्हीच मंचावरून किती वेळा वाचलीय." बाकीचे दोघंही हसले.

आता पुढे काय बोलायचं? पुढचं वाक्य एकच होतं, की ते कधी आलेच नाहीत. ते तोंडाशी आलं आणि

परत आलो. रिक्षात को.ने टी-शर्टचा नमुना दाखवला. पिवळा.

२९ जानेवारी

चार दिवस फोन हातात घेते आणि ठेवते. आज लावला. को. म्हणाला, "काकू, मंडप, जेवण, अध्यक्ष, सगळं ठरलंय. अध्यक्षांची संध्याकाळी मुंबईत मुलाखत आहे." मी म्हटलं, बरं. माझे गुडघे दुखतात म्हणून मी अलीकडेच बसेन, इतकं मात्र सांगितलं.

गुडघे दुखत नाहीत.

१ फेब्रुवारी, रविवार. माघी पौर्णिमा

लिहिते. सगळं लिहिते.

आठला चाळीस-बेचाळीस पिवळे टी-शर्ट रानातून चालले. झाडून घेतलं होतं, म्हणजे सगळा कचरा वाटेच्या दोन्ही बाजूंना ढकलला होता. पळसाखाली कवितावाचन, कमोडवर ताडपत्री. एका बाईंनी हुंदका दिला. अध्यक्ष, मोठे प्राध्यापक, म्हणाले की या मातीत कवीची पावलं अजून ताजी आहेत. मी खाली बघितलं. पावलं कोंबड्यांची होती.

उतारावर पोचले तेव्हा पाणी घोट्याच्या जरा वर. ओहोटी सरत आलेली. फेस बघून दोघी किंचाळल्या, पण गेल्या. सगळे गेले. मी करंजाखाली खुर्चीत.

मग बसून मी पाणी बघत राहिले. नऊ. साडेनऊला पाणी थांबल्यासारखं झालं, मग फेस डावीकडून उजवीकडे सरकायला लागला, डोंगराकडे. पलीकडच्या झाडीतून माइकवरून ह्यांची कविता ऐकू येत होती. दहा. अकराला ग्रॅनाइटच्या चौथऱ्याला पाणी लागलं. मी उठून ओरडू शकले असते, फोन करू शकले असते, मोबाइल पर्समध्येच होता. नाही केला. खोटं का लिहू, मला मजा वाटत होती. तीस वर्षांनी नदी माझ्या बाजूने साक्ष द्यायला येतेय असं काहीतरी. काय हलकट विचार. पण होता.

बाराला सगळे काठावर आले आणि थांबले. पाणी छातीएवढं. को.चा चेहरा बघण्यासारखा होता, तो मी बघितला. पूल सहा किलोमीटरवर. पाणी उतरायला तीन-चार तास. अध्यक्षांना गाडी गाठायची होती, ते सारखं घड्याळ दाखवत होते. मग पाड्यावरून माणसं आली, ट्रकच्या ट्यूबा घेऊन. त्यांच्यात सोमी. माझी विद्यार्थिनी, आता पन्नाशीची, पाड्यावरच राहते. तिने लांबूनच हात केला, "बाई, तुमी तिकडं बरं बसल्या." तिच्या मनात काही नव्हतं. मला ते चाबकासारखं लागलं.

ट्यूबेवर एकेकाला बसवून ओढत आणलं. अध्यक्ष धोतर डोक्यावर घेऊन आले, आतल्या चड्डीवर, तांबड्या फेसातनं, आणि कोणी फोटो काढू नये म्हणून ओरडत. त्यांची ट्यूब सोमीने ओढली. काठाजवळ चिखलात तिचा पाय काचेवर पडला. बाटली, आपल्याच रानातली. टाच उभी फाटली. तिने अध्यक्षांना आधी वर चढवलं, मग बसली. अध्यक्षांनी धोतर नेसलं, "अविस्मरणीय" म्हणाले आणि गाडीत बसले.

पदर फाडून बांधला मी तिच्या पायाला. अध्यक्षांना वर चढवेपर्यंत ती उघडी जखम त्या पाण्यातच होती.

२ फेब्रुवारी

वाचनालयाच्या ग्रुपवर को.ची पोस्ट. 'नदीने कवीला दिली मानवंदना. काव्यरसिकांनी अनुभवली कवितेतील नदी.' एकशे बारा अंगठे. फोटोत मी करंजाखाली, खाली लिहिलंय 'कवीच्या आठवणीत हरवलेल्या कविपत्नी.' पाड्यावरच्या माणसांचा एक शब्द नाही. निखिलने हृदय पाठवलंय.

दिवसभर अंगाला तो वास येतोय. दोनदा आंघोळ केली.

४ फेब्रुवारी

सोमीला बोईसरच्या दवाखान्यात ठेवलंय. पाय पोटरीपर्यंत सुजलाय, लाल-काळा, सात टाके, ताप. डॉक्टर विचारतात, कुठल्या पाण्यात होतात? ती म्हणते, नदीच्या. त्यांनी नुसती मान हलवली.

मोसंबी घेऊन गेले होते. तिची मुलगी शेजारी बसलेली, स्वतःच्या दोन पोरांना शेजारणीकडे ठेवून आलेली. हीसुद्धा माझ्याच वर्गातली.

मी म्हटलं, सोमी, तुम्हाला तर पाणी कधी भरतं ते माहीत असतं, आधी सांगायला का नाही आलात?

"आमाला काय म्हाईत तुमी लोक परत कवा फिरणार. आन तुमी होत्या की, बाई. मला वाटलं, बाई हायत तर बाईंनी सांगितलंच असंल. तुमीच शाळेत सांगायच्या, पुनवेला आन आवसेला दुपारच्याला उतारावर जायाचं नाय."

सांगायचे. रोज हजेरी झाली की पंचांग बघून सांगायचे.

मग मुलगी बोलली. आधी हसत. "बाई, त्या कवितेवर चौथीला प्रश्न आला होता. पुनवेच्या दुपारी नदी कुठं निघाली? मी लिवलं होतं, वर. तुमी काट मारली."

मी म्हटलं, मी?

"लाल पेनानं. मी रडत घरी गेले. मी डोळ्यांनी बघितलं होतं ना. आयेनं सांगितलं, बाई म्हणतात तर तसंच आसंल, पुस्तकात हाय. म्हून मग मी पुढच्या परीक्षेला 'सागराकडे' लिवलं. मग बरोबर दिलं तुमी."

तिने ते तक्रार म्हणून सांगितलं नाही. मोसंबं सोलता सोलता सांगितलं. मला आठवत नाही. आठवत नाही हेच जास्त वाईट आहे, किती काटा मारल्या असतील. पुस्तकातलं उत्तर सागराकडे, म्हणून सागराकडे. पोरीने रोजची नदी लिहिली आणि मी, जिने तीच नदी तिच्याआधी बघितली होती

घरी येऊन ह्यांच्या फोटोचा हार काढून ठेवला. मग परत घातला. ह्यांनी निदान डोळ्यांनी बघितलं नव्हतं.

७ फेब्रुवारी

को.चा फोन, उत्साहात. 'कवीची वाट' शाळांना आवडलीय. पुढच्या रविवारी, १५ला, मुलांची फेरी. तीन शाळा, दीडशे मुलं, तिसरी ते सातवी. टी-शर्ट उरलेत ते लहान करून देणार. दहाला उतार ओलांडायचा, पलीकडे खेळ, पाठांतर स्पर्धा, बाराला परत.

"आणि काकू, आता पाण्याचं टेन्शन नाही. पौर्णिमा टाळली. मुद्दाम अंधाऱ्या पंधरवड्यात घेतलंय, महाशिवरात्रीला. चंद्रच नसतो तर भरती कुठली."

मी खुर्चीत बसले. म्हटलं, अमावास्येच्या आसपासही उधाण तेवढंच असतं. महाशिवरात्र असली तरी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत तेरसच, तेरसेची पाऊणपट पावणेदहा, नदीत तास धर, पावणेअकराला उतार बुडेल. तू मुलांना बरोबर भरतीच्या तोंडावर पाण्यात घालतोयस. हे सगळं मी एका दमात, शाळेतल्या आवाजात सांगितलं.

तो म्हणाला, "काकू, मागच्या वेळचं तुमच्या मनाला लागलंय. तो एक अपघात होता. मुख्याध्यापकांना मी काय सांगू? त्यांनी कविता बघूनच परवानगी दिलीय. दोन दिवसांपूर्वी पाटीसमोर त्यांचा फोटो झाला. आता पाणी उलटं येतं म्हटलं तर विचारतील, मग कवीने तसं का नाही लिहिलं? तुम्ही लेखी द्या, कवितेत चूक आहे म्हणून. मग बघतो."

चेष्टेत म्हणाला. मला वाटतं चेष्टेत.

८ फेब्रुवारी, रविवार

निखिलला सांगितलं. पहिल्यांदाच सगळं सांगितलं, बाबा कधी गेले नाहीत इथपासून. को.ला लेखी देणार आहे, हेही.

"आई, भरतीचं लिही ना फक्त. बाबा गेले नव्हते हे कशाला?"

कारण नुसतं भरतीचं दोनदा सांगून झालंय रे. कवितेसमोर ते टिकत नाही.

"लोक काय म्हणतील माहितीये? म्हातारपणी आईचं डोकं फिरलं. नवऱ्याचं श्रेय लाटायला निघाली."

म्हणतील. मीही दुसऱ्या बाईबद्दल म्हटलं असतं. "थोडे दिवस थांब" म्हणाला आणि फोन ठेवला. त्याच्या आवाजात माझी किळस होती की नाही ते ठरवता येत नाही. होती बहुतेक.

जेवल्यावर लिहायला बसले. पाच कागद फाडले. सहाव्यावर हे राहिलं:

'माझे पती या वाटेने कधीही चाललेले नाहीत. पौर्णिमेच्या आणि अमावास्येच्या आसपास दुपारी ही नदी समुद्राकडे जात नाही, वर चढते आणि उतार बुडतो. ते मी त्यांना सांगितले होते, त्यांनी बदलून लिहिले, आणि मी तीस वर्षे गप्प बसले व मुलांना तसेच शिकवले. १५ तारखेला मुलांना पाण्यात उतरवू नये.'

खाली सही केली. शाळेत करायचे तशी, पूर्ण.

९ फेब्रुवारी

सकाळी दवाखान्यात. सोमीचा ताप उतरलाय, दोन बोटं मात्र राहतील की नाही ते अजून सांगत नाहीत. सून पाड्यावरची तिची कोंबडी विकायला काढतेय म्हणून ती चिडली होती, पायापेक्षा त्याच्यावर जास्त.

तिथूनच कागदाचा फोटो काढून को.ला पाठवला. तिन्ही मुख्याध्यापकांनाही. दोन नंबर बरोबर होते, तिसरा दुसऱ्याच कोणाचा तरी निघाला, त्याने 'कौन' विचारलं.

दुपारी दोन निळ्या खुणा. चारपर्यंत काही नाही. मग को.चं उत्तर आलं. जोडलेले हात. नुसते जोडलेले हात, एक शब्द नाही. हो म्हणून की नाही म्हणून, नमस्कार म्हणून की आता पुरे म्हणून. एका मुख्याध्यापकांनीही तेच पाठवलंय. दुसऱ्यांनी उघडलेलंच नाही.

फोन लावला, को. उचलत नाही. ग्रुपवर बघितलं, मला काढलेलं नाही. पंधराची जाहिरात अजून वर आहे, पिवळ्या टी-शर्टातला कोणाचा तरी गोड मुलगा, दात पडलेला.

सहा दिवस आहेत. उद्या पहिल्या शाळेत जाऊन बसते, परवा दुसऱ्या. आणि कोणीच ऐकलं नाही तर १५ला सकाळी नऊपासून मी उतारावर पाण्यात उभी राहणार आहे. मुलं माझं ऐकतील का, सांगता येत नाही. त्यांना कविता पाठ आहे.